देवासच्या वसुंधराताई

महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या काढलेल्या आपल्या मराठी घरांत दोन वस्तू बहुधा सापडतातच. देवघरात कुलस्वामीचा टाक, आणि बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात हातपेटी. क्वचित गवसणीत घातलेला तंबोराही. टाक रोज पुसला जातो. तंबोऱ्याचे भाग्य तसे नसते. घरची मुलगी ‘मध्यमा’ होते, फार झाले तर ‘विशारद’ होते, गणेशोत्सवात चार वर्षे गाते, आणि मग तिचे लग्न होते. पुढे तिचे गाणे आरत्या, डोहाळजेवणे आणि कोजागिरी एवढ्यापुरते उरते. ही तक्रार जुनीच आहे आणि आज ती पुन्हा उगाळण्याचा आमचा विचार नाही. आज आमच्यापुढे प्रश्न आहे तो निराळा. गाणारी मुलगी गाणाऱ्याच्याच घरात गेली, आणि तो गाणारा असा की ज्याच्या गाण्यासाठी लोक गावोगावहून येतात, तर तिच्या स्वतःच्या गाण्याचे काय होते?

उत्तर शोधण्यास आम्हांला फार लांब जावे लागत नाही. आमचे उदयनगर विंध्याच्या डोंगरपट्ट्यात, देवास जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला. येथे मराठी बोलणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी. परंतु जिल्ह्याचे ठिकाण म्हणून देवासला जाणेयेणे नेहमीचे, आणि देवास म्हटले की आमच्या मनात दोन गोष्टी एकदम उभ्या राहतात : देवीची टेकडी आणि तिच्या पायथ्याचे ‘भानुकुल’ हे घर. त्या घरात पंडित कुमार गंधर्व राहिले हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच घरात वसुंधरा कोमकली यांनी अर्धे शतक गाणे केले, शिकविले आणि सांभाळले, ही गोष्ट मात्र पुष्कळदा कुमारांच्या चरित्रातील एका वाक्यात आटोपली जाते. ते वाक्य थोडे उलगडावे असे आम्हांला वाटले.

तत्पूर्वी वाचकांना थोडे युरोपात न्यावयाचे आहे. कारण हाच प्रश्न तेथेही एका गायिकेच्या वाट्याला आला आणि त्याचे उत्तर नेमके उलट्या बाजूने मिळाले.

ऑपेरा म्हणजे तिकडचे संगीत नाटक, असे आपण ढोबळपणे म्हणतो. परंतु अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून आपल्या नाटकात गद्य संवाद चालतात आणि मधूनमधून पद येते. ऑपेऱ्यात बहुधा पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत सारे गाऊनच. आपल्याकडे स्त्रीभूमिका दीर्घकाळ पुरुषांनी केल्या, बालगंधर्वांनी तर त्यात एक युग गाजविले. बडोद्याचे नाव आडनावात वागविणाऱ्या हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगमंचावर आल्या त्या नंतर. युरोपात गेली दोन शतके नायिका स्त्रीच गाते, आणि तिचा आवाज बहुधा ‘सोप्रानो’, म्हणजे स्त्रियांच्या आवाजांतील सर्वांत उंच प्रकारचा. समोर साठ-सत्तर वाद्यांचा ताफा, ध्वनिक्षेपक नाही, आणि आवाज मात्र शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत स्वच्छ पोहोचावयास हवा. आमच्या बैठकीच्या गायकाला हे ऐकूनच धाप लागेल.

एलिझाबेथ श्वार्त्सकॉफ ही अशीच एक जर्मन सोप्रानो. शाळामास्तरांची मुलगी. जन्म १९१५ चा, त्या वेळी प्रशियात असलेल्या आणि आता पोलंडमध्ये मोडणाऱ्या एका गावी. बर्लिनच्या संगीत विद्यालयात तिच्या पहिल्या शिक्षिकेने तिचा आवाज खालच्या पट्टीचा ठरविला आणि त्याच अंगाने तिला शिकविले. पुढे मारिया इवोग्यून या नामांकित गायिकेने तो गैरसमज दूर करून तिला सोप्रानो म्हणून नव्याने घडविले. १९३८ मध्ये बर्लिनच्या रंगमंचावर तिचे पहिले पाऊल पडले, तेही एका लहानशा भूमिकेत. १९४० मध्ये ती नाझी पक्षाची सभासद झाली. ही गोष्ट तिने पुढे अनेक वर्षे झाकून ठेवली, आणि उघडकीस आल्यावर, व्यवसायात राहावयाचे तर ते करावेच लागे, असे समर्थन केले. कित्येक कलावंतांनी त्या काळी देश सोडला, कित्येकांचे प्राण गेले; त्यांच्याकडे पाहता हे समर्थन आम्हांला पुरेसे वाटत नाही. गळा गोड असला म्हणून हा हिशेब मिटत नाही, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, व्हिएन्नात तिची गाठ वॉल्टर लेग या इंग्रज गृहस्थाशी पडली. लेग हा ध्वनिमुद्रण कंपनीचा मोठा अधिकारी. फिलहार्मोनिया हा लंडनचा प्रसिद्ध वाद्यवृंद त्यानेच १९४५ मध्ये उभा केला. गंमत अशी की हा मनुष्य स्वतः गात नव्हता, वाजवीत नव्हता. संगीताचे रीतसर शिक्षणही त्याने घेतलेले नव्हते. त्याच्याजवळ होता तो कान. पहिल्याच परीक्षेत त्याने श्वार्त्सकॉफला ह्यूगो वोल्फचे एक लहानसे गीत तासाहून अधिक वेळ पुन्हा पुन्हा, एकेका शब्दाचा रंग बदलून, गावयास लावले. शेजारी बसलेले विख्यात वाद्यवृंद-संचालक कारायान अखेर वैतागून उठून गेले, असे सांगतात. बाई मात्र हटल्या नाहीत. १९५३ मध्ये दोघांचे लग्न झाले.

पुढची पंचवीस वर्षे ती समोर आणि तो मागे, अशी व्यवस्था होती. कोणती भूमिका करावयाची, कोणती सोडावयाची, कोणते गीत केव्हा ध्वनिमुद्रित करावयाचे, हे बव्हंशी लेग ठरवी. पुष्कळ भूमिका बाजूला सारून तिने शेवटी मोत्सार्ट आणि रिचर्ड श्ट्राउस यांच्या पाचच भूमिकांवर लक्ष एकवटले. त्यांतली ‘रोझेनकावालियर’मधली प्रौढ सरदारपत्नी, आपल्या तरुण प्रियकराला हसतमुखाने दुसरीच्या स्वाधीन करणारी, ही तर तिच्या नावाशीच जोडली गेली. १९ मार्च १९७९ रोजी झुरिक येथे तिने गायन केले. तीनच दिवसांनी, २२ मार्च रोजी, लेग वारला. त्यानंतर ती जाहीर मैफलीत गायली नाही. पुढे सत्तावीस वर्षे ती जगली, शिकविले पुष्कळ, आणि शिष्यांना तिचा धाक फार, अशी ख्याती होती. २००६ मध्ये नव्वदाव्या वर्षी ती गेली. परंतु ज्या कानासाठी गावयाचे तो कान गेल्यावर गाणे थांबले, असेच त्या तारखा पाहून मनात येते.

आता देवास.

देवास हे गाव मोठे गमतीचे. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने, दोन राजे, दोन दरबार, आणि गाव एकच. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता, आणि या टेकडीचेच नाव त्याने देवासच्या आठवणींच्या आपल्या पुस्तकाला दिले. गाण्याची परंपराही जुनी. उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखा तानेचा बादशहा येथे राहिला आणि १९५९ मध्ये निवर्तला. मराठी माणूस येथे दोन-अडीच शतकांचा रहिवासी. घरात मराठी, अंगणात माळवी, बाजारात हिंदी, हा आपला सर्वांच्या ओळखीचा संसार.

वसुंधराताईंचे बालपणही अशाच परमुलखातल्या मराठी घरात गेले. माहेरच्या त्या श्रीखंडे. २३ मे १९३१ रोजी जमशेदपूर येथे जन्म. घरात गाण्याची आवड होती. पुढे कलकत्त्यास असताना, वयाच्या बाराव्या वर्षी, तेथील अखिल भारतीय संगीत परिषदेत त्यांनी कुमार गंधर्वांचे गाणे ऐकले. कुमार त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर होते; बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा शिवपुत्र कोमकली लहानपणापासूनच चमत्कार म्हणून गाजलेला. या मुलीने त्यांना गाठून सरळ विचारले, मला शिकवाल का? मुंबईस ये, असे त्यांनी सांगितले.

बारा वर्षांच्या मुलीला कोणी असे म्हटले तर आपण त्याला शिष्टाचार समजतो आणि विसरतो. ही मुलगी विसरली नाही. काळ महायुद्धाचा, कलकत्त्यावर जपानी बाँब पडून गेलेले, बंगालात दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती. मुलीला एवढ्या लांब पाठविणे कोणाही आईबापांस सुचले नसते. ती कलकत्त्यासच रियाज करीत राहिली, तेथील आकाशवाणीवर गात राहिली, आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये, पंधराव्या वर्षी, मुंबईस येऊन उभी राहिली. त्याच वर्षी तिकडे व्हिएन्नात ती दुसरी परीक्षा चालली होती, हा योगायोग आम्हांला फार आवडतो.

मुंबईत पहिलाच अपेक्षाभंग झाला. कुमार आपल्या कार्यक्रमांत गुंतलेले. त्यांनी तिला आपल्या गुरूंकडे, प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकण्यास सांगितले. देवधरांची संगीतशाळा गिरगावात, ऑपेरा हाऊसच्या परिसरात. ज्या नाट्यगृहाच्या नावाने तो भाग ओळखला जातो तेथे पुढे चित्रपटच अधिक दिसले. परंतु त्याच्या शेजारी बसून पाश्चात्त्य संगीताचा मनापासून अभ्यास केलेला जर कोणी मराठी गवई असेल तर ते देवधर. मिरजेचे हे गृहस्थ विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. त्यांनी नाना घराण्यांच्या उस्तादांकडून चिजा मिळविल्या, ‘थोर संगीतकार’सारखे पुस्तक लिहिले, आणि आवाज कसा कमवावा, कसा राखावा, या विषयाचा शास्त्र म्हणून विचार केला. श्वार्त्सकॉफच्या पहिल्या शिक्षिकेने केली तशी चूक येथे होण्यासारखी नव्हती. वसुंधराताईंच्या आवाजाचा पाया घातला गेला तो असा, आवाजाची पारख असलेल्या माणसाच्या हातून. कुमारांच्या गाण्याचा संस्कार त्यावर नंतर चढला. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

ज्यांच्यासाठी त्या मुंबईस आल्या ते कुमार तर लवकरच मुंबई सोडून गेले. १९४७ मध्ये देवधरांच्याच शाळेतील भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पाठोपाठ क्षयाने त्यांना गाठले, आणि कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या आरंभी त्यांना देवासला आणले गेले. गाणे बंद. पाच-सहा वर्षे हा माणूस अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी, पाखरे, वारा ऐकत होता. भानुमतीबाई शाळेत नोकरी करून घर चालवीत होत्या आणि आजाऱ्याची शुश्रूषाही करीत होत्या. नवी औषधे निघाली, कुमार उठले आणि पुन्हा गाऊ लागले. तथापि एक फुफ्फुस जवळजवळ कामातून गेले होते. अंथरुणात ऐकलेल्या लोकधुनांतून त्यांनी पुढे मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी असे नवे राग बांधले, आणि १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हा आपल्या बंदिशींचा संग्रह प्रसिद्ध केला, हा इतिहास आमच्या वाचकांना नवा नाही.

१९६१ मध्ये भानुमतीबाई प्रसूतीच्या वेळी वारल्या. मागे दोन मुलगे राहिले, त्यांतला एक तान्हा. १९६२ मध्ये वसुंधराताईंशी कुमारांचा विवाह झाला. त्या वेळी त्या एकतीस वर्षांच्या होत्या. सोळा वर्षांचे गाणे गाठीशी होते. ज्या घरात त्या आल्या त्या घराच्या नावातच भानुमतीबाईंची आठवण आहे, आणि ते नाव शेवटपर्यंत तसेच राहिले. आमच्या वाचकभगिनींना यापुढचे काही सांगावयास नको.

आता साथीविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण ताईंचे नाव निघाले की ‘कुमारजींना साथ करीत’ एवढेच म्हणून लोक थांबतात, आणि साथ म्हणजे काय याचा विचार करीत नाहीत.

पहिली गोष्ट पट्टीची. पेटीवर बसणाऱ्या कोणासही विचारा : पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या. म्हणजे दोघांच्या षड्जांत चार-पाच स्वरांचे अंतर. एकत्र गावयाचे तर षड्ज एकच धरावा लागतो आणि मैफल ज्याची त्याचीच पट्टी लागते. मग साथीच्या स्त्रीला आपल्या नैसर्गिक मध्य सप्तकाखाली उतरून, जेथे तिचा आवाज सहज फुलत नाही अशा जागी, गावे लागते. आणि तार सप्तकात पुरुष ज्या ठिकाणी शिकस्त करून पोहोचतो ते ठिकाण तिला फार उंच नसल्याने तिने जरा जरी मोकळा आवाज लावला तरी मुख्य गायक झाकला जातो. खाली आवाज भरीव ठेवावयाचा, वर आवरून धरावयाचा. ही कसरत इतकी अवघड की पंडित जसराजांनी पुढे मूर्च्छनेच्या तत्त्वावर निराळीच तोड काढली. तिला ‘जसरंगी’ म्हणतात. तीत स्त्री आणि पुरुष आपापल्या पट्टीत राहून एकाच वेळी दोन निरनिराळे राग गातात. देवासच्या घरात अशी तोड नव्हती. तेथे एकच षड्ज होता, आणि तो कुमारांचा.

दुसरी गोष्ट श्वासाची. कुमारांचे गाणे लांब पल्ल्याच्या अखंड आलापीचे नव्हते. लहान लहान, नेमके, अचानक उजळणारे तुकडे आणि त्यांच्यामधली शांतता, हे त्यांचे रूप. आजारपणाने दम तोकडा झाला म्हणून गाणे असे झाले, की त्यांची प्रतिभाच मुळात तशी होती, यावर जाणकारांचे वाद आहेत. आमच्या मते दोन्ही खरे. परंतु तुकड्यांमध्ये जी शांतता असते ती रिकामी पडून चालत नाही. तंबोरा ती धरून ठेवतो, आणि मागचा आवाज तीत नेमका तितकाच स्वर सोडतो की गायकाला उसंत मिळावी आणि श्रोत्याला खंड जाणवू नये. पुढचा माणूस कोठे थांबणार हे त्याने थांबण्यापूर्वी कळावे लागते. तो पुन्हा सुरू करणार हेही आधी कळावे लागते, आणि त्या क्षणी आपला अर्धा राहिलेला स्वर निमूटपणे सोडून द्यावा लागतो. स्वतः उत्तम गाता येत असताना हे करणे किती कठीण आहे, याची कल्पना ज्याने कधी गुरूच्या मागे तंबोरा घेतला आहे त्यालाच यावी. ज्याला स्वतःला फारसे गाता येत नाही, त्याला हे सोपे जाते. पण मग ती साथ नव्हे, नुसते मागे बसणे झाले.

लेगजवळ कान होता, गळा नव्हता. म्हणून तो मागे राहिला यात त्याचे काही खर्ची पडले नाही. वसुंधराताईंजवळ दोन्ही होते. दोन्ही जोडप्यांतील हा फरक आम्हांला फार मोलाचा वाटतो.

तरीही ‘त्याग’ हा शब्द आम्ही येथे हेतुपुरस्सर टाळीत आहोत. गाणाऱ्या बायकांच्या बाबतीत तो आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. एकदा तो वापरला की मग त्या बाईचे गाणे ऐकण्याची जबाबदारी संपते. ताईंच्या आयुष्याचा क्रमच त्या शब्दाला छेद देतो. घर नंतर आले, गाणे आधी. बाराव्या वर्षी त्यांनी जे निवडले ते गाणे होते, आणि ते मिळविण्यासाठी त्यांनी जमशेदपूर-कलकत्ता-मुंबई-देवास असा प्रवास केला. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ हे ऋतूंचे कार्यक्रम, कबीर-सूर-मीरेची ‘त्रिवेणी’, माळव्याच्या लोकधुनांचा कार्यक्रम, आपल्या भा. रा. तांब्यांच्या कवितांची ‘तांबे गीत रजनी’ : कुमारांच्या या साऱ्या उद्योगात त्यांचा गळा आहे. तांबे हे तर मध्य भारतातच हयात घालविलेले कवी, ग्वाल्हेरचे राजकवी. त्यांची गीते देवासच्या घरातून पुन्हा महाराष्ट्रात गेली, याचा आम्हां बाहेरच्या मराठी लोकांना थोडा गर्व वाटला तर तो क्षम्य मानावा.

मात्र दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ताईंच्या स्वतंत्र गायनाची ध्वनिमुद्रणे त्यांच्या योग्यतेच्या मानाने थोडी आहेत. कुमारांना १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण मिळाले. ताईंना पद्मश्री मिळाली ती २००६ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार २००९ चा, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. त्यांचे गाणे त्या वयात एकाएकी चांगले झाले असे तर कोणी म्हणणार नाही. ते आधीपासून तेथेच होते. ऐकणारेच पुढे बसलेल्या माणसाकडे पाहत होते. त्यात कुमारांचा काही दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. इतक्या तेजस्वी कलावंताच्या शेजारी बसलेले कोणीही असेच दिसले असते. परंतु मैफलींचे आयोजक, ध्वनिमुद्रण करणारे आणि आम्ही श्रोते, आम्हां तिघांना तरी थोडे डोळे उघडे ठेवता आले असते.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच कुमार गेले. ताई तेव्हा साठ वर्षांच्या. येथे त्या जर्मन गायिकेची वाट आणि आमच्या ताईंची वाट वेगळी होते. श्वार्त्सकॉफने जाहीर गाणे थांबविले. वसुंधराताईंनी ते चालू ठेवले. तीस वर्षे दुसऱ्याच्या षड्जात गायलेली ही बाई साठीनंतर स्वतःच्या पट्टीत, स्वतःच्या नावाने मैफलीत बसत राहिली, आणि त्याहून मोठे काम म्हणजे शिकवीत राहिली. कन्या कलापिनी आणि नातू भुवनेश, हा मुकुल शिवपुत्रांचा मुलगा, हे दोघेही ताईंच्या हाताखाली तयार झाले.

या शिकवणीचे महत्त्व आम्हांला वाटते ते असे. कुमारांची गायकी एका विशिष्ट पुरुषाच्या गळ्यातून, त्याच्या एका दुबळ्या फुफ्फुसातून आणि त्याच्या एकट्याच्या स्वभावातून जन्मली. तिची नक्कल करणे सोपे. म्हणून नकला पुष्कळ झाल्या. तो तुटक आघात, तो अर्ध्यावर सोडलेला स्वर, एवढे उचलून कित्येक तरुण गवयांनी स्वतःला कुमारांचे अनुयायी म्हणवून घेतले. परंतु ज्याला दोन्ही फुफ्फुसे धड आहेत त्याने तोकडा श्वास का घ्यावा? आणि स्त्रीच्या गळ्यात ही गायकी बसवावयाची तर तिचे काय ठेवावे, काय बदलावे? याचे उत्तर एका माणसाजवळच तयार होते : जिने देवधरांकडे आवाज कमाविला होता, आणि तीस वर्षे कुमारांच्या मागे बसून त्यांचे गाणे आतून पाहिले होते. कलापिनीताईंचे गाणे ऐकताना ते कुमारांचे वाटते आणि तरी त्यांची नक्कल वाटत नाही. हे कसे साधले याचा उलगडा शोधू गेल्यास वाट ताईंपाशीच जाऊन पोहोचते.

२९ जुलै २०१५ रोजी, ऐन पावसाळ्यात, हृदयविकाराने त्यांचे देवासच्या घरी निधन झाले. वय चौऱ्याऐंशी.

कुमारांची जन्मशताब्दी २०२४ मध्ये पुरी झाली तेव्हा त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले गेले, लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. त्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांनी जुनी ध्वनिमुद्रणे पुन्हा बाहेर काढली असतील. त्यांत कुमार आणि वसुंधराताई यांनी मिळून गायलेली निर्गुणी भजने जरूर असतील. ती मराठी घरांत नाहीत असे सहसा होत नाही. आमची सूचना एवढीच आहे. एक भजन नेहमीप्रमाणे ऐकावे. मग तेच पुन्हा लावावे, आणि या खेपेस कान मुद्दाम दुसऱ्या आवाजावर ठेवावा. तो कोठे मिसळतो, कोठे अर्ध्या मात्रेने मागे राहतो, कोठे नाहीसा होतो, हे पाहत जावे. आमच्या घरी हा प्रयोग केला तेव्हा पहिल्या दोन खेपांना तो आवाज सारखा हातातून निसटत होता. तिसऱ्या खेपेला सापडला, आणि त्यानंतर ते भजन दोघांचे म्हणूनच ऐकू येऊ लागले.